आतला गंज



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा रिवाज आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण काही कामगारांनी दिले, काही यंत्रांनी. म्हणून आज आम्ही होडीच्या एका यंत्राविषयी बोलणार आहोत. ते आमच्या हातांनी दुरुस्त करताना जे समजले, ते आपल्यापुढे मांडतो.

होडीला इंजिन लावण्याच्या जुन्या रीती दोन. एकीत इंजिन होडीच्या पोटात असते आणि लांब दांडा तळातून बाहेर जाऊन पंखा फिरवतो. दुसरीत सबंध इंजिनच मागच्या फळीला बाहेरून टांगलेले असते. या दोहोंचा मेळ म्हणजे स्टर्नड्राइव्ह. जिम विन या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेवरून स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली ते बाजारात आणले. पुढे इतरही कंपन्या ते करू लागल्या. यात इंजिन आत, मागच्या फळीशी असते. त्याचा दांडा फळीतून बाहेर निघतो, बाहेर लोंबणाऱ्या पायात दातेरी चक्रांवरून खाली वळतो आणि तळाशी पुन्हा वळून पंख्याला जातो. होडी वळवायची तर हा पायच फिरवतात. उथळ पाण्यात तो वर उचलतात.

आता विचार करा. फळीला भोक आहे, तेही पाण्याच्या पातळीखाली. आणि त्यातून जाणारा दांडा प्रत्येक वळणाला वाकला पाहिजे. वाकण्यासाठी तिथे मोटारीला असतात तसे क्रॉस असतात. पण पाणी कशाने अडवायचे? लोहाराच्या भात्यासारख्या घड्या असलेल्या एका रबरी नळीने! आम्ही तिला भाताच म्हणू. समुद्र आणि होडी यांच्यामध्ये काय ते एवढेच रबर.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतल्या एका खलाशाची होडी सकाळी मागच्या बाजूने बुडालेली सापडली. इंजिन अर्धे पाण्यात. मालक म्हणाले, "रात्री यानेच पंप बंद ठेवला." दोन महिन्यांचा पगार अडला. मालकांचे नाव सांगण्याचे कारण नाही आणि यंत्र कोणत्या कंपनीचे होते तेही सांगण्याचे कारण नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "आधी उघडून पाहू, मग बोलू."

होडी वर ओढली. चावी काढली, बॅटरीच्या तारा सोडवल्या. पायाला खालून भक्कम आधार दिला, कारण तो एका माणसाच्या हातात पेलण्यासारखा नसतो आणि बोट सापडले तर सोडत नाही. पाय उतरवला. भात्याच्या एका घडीत बोटभर चीर होती आणि आतल्या क्रॉसवर गंजाचे थर चढले होते. श्रोतेहो, तसला गंज एका रात्रीत चढत नाही. पाणी महिनोन्‌महिने आत येत होते. भाता बदलण्याची मुदत केव्हाच टळून गेली होती. मालकांनी तो गंज डोळ्यांनी पाहिला आणि पगार दिला.

पण गोष्ट इथे संपली असे म्हटले तर ते खोटे होईल. त्या रात्री तो पोरगा आम्हांला म्हणाला, "दादा, वळताना महिनाभर घरघर ऐकू येत होती. बोललो असतो तर माझ्यावरच आलं असतं." मालकांची चूक यंत्राने सांगितली, आमची चूक त्या पोराने सांगितली. घरघर ऐकणाऱ्याला ती निर्भयपणे सांगता येईल, एवढी ताकद आमच्या संघटनेने त्याला दिली नव्हती.

म्हणून दुरुस्ती आम्हीच करायची असे ठरले. दोन रविवार चौघे बसलो. जुना डिंक घासून बैठक स्वच्छ केली, नवा भाता चिकटवला, पट्ट्या आवळल्या. क्रॉस आणि बेअरिंग नवे घातले. गिअरचे तेल काढले तर ते दुधाळ निघाले. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी. सील बदलले. नवे तेल खालच्या भोकातून भरले आणि वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरत राहिलो, म्हणजे आत हवा कोंडत नाही. मग आधी वरचा स्क्रू लावला, नंतर खालचा. थंड पाणी ओढणाऱ्या पंपाचे रबरी चाकही बदलले. ते कोरडे फिरले की लवकरच जळते, म्हणून पाण्यावाचून इंजिन चालवायचे नाही.

होडी पाण्यात सोडली आणि तासभर आत बसून राहिलो. पाऊण तासाने थेंब दिसला! एक पट्टी तिरकी बसली होती. पुन्हा वर ओढली, पुन्हा उतरवले, पुन्हा बसवले. पहिल्या आनंदात घरी गेलो असतो, तर होडी दुसऱ्यांदा बुडाली असती आणि या खेपेला दोष खरोखरच आमचा असता.

सगळेच आपण करावे, असे आमचे म्हणणे नाही. दातेरी चक्रांमधली फट मोजायला खास मापे लागतात. ते काम जाणत्या मेस्त्रीचेच. मात्र त्याच्याकडे जाताना काय बिघडले हे आपल्याला सांगता यावे. यंत्र ज्याला कळत नाही, त्याच्यावर कोणताही दोष लादता येतो.

आपण सहलीला जाता, तेव्हा अशाच एखाद्या होडीत बसता. पुढच्या खेपेला खलाशाला जरूर विचारा, "भाता कधी बदलला?" तो उत्तर देताना इकडेतिकडे पाहू लागला, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला बोलायची भीती का वाटते, हे मालकांना विचारा.