घाट जुना, हात नवा
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर तंबाखूच्या पाइपची चर्चा व्हावी, हे काहींना विसंगत वाटेल. तंबाखू घातक आहे. पाइपचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाचा व घशाचा कर्करोग त्यापासून संभवतो, हे वैद्यकाने निर्विवाद सिद्ध केले आहे. तेव्हा व्यसनाचा गौरव हा या भाषणाचा हेतू नव्हे. विषय आहे तो कारागिरीचा. परंपरेने एकदा घाट ठरवून दिल्यावर कारागिराच्या हाती काय उरते, हा त्यातील खरा प्रश्न. ग्रंथांच्या घरात तो परका ठरू नये.

तंबाखूचा आणि दख्खनचा संबंध जुना आहे. असद बेग याने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबराच्या दरबारी सादर केली, ती सुमारे १६०४-०५ साली. आपल्याकडे हुक्का आणि चिलीम रुजली. युरोपात मातीचा पाइप आला, आणि पुढे तुर्कस्तानातील एस्किशेहिर येथे सापडणाऱ्या मीरशॉम या मऊ, शुभ्र खनिजाचा. मातीचा पाइप हातातून निसटला की फुटे. मीरशॉम महाग आणि नाजूक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या जुरा पर्वतातील सँ-क्लोद या गावच्या लाकूडकामगारांच्या हाती ब्रायर आले आणि चित्र पालटले. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीत, एक गाठ धरते. ती अतिशय घट्ट असते आणि उष्णता सोसते. ती कापून, तासन्‌तास उकळून तिच्यातील कडू रस काढून टाकतात; मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, सावकाश वाळवतात. घाई केली तर लाकूड तडकते.

या लाकडातून सँ-क्लोदच्या आणि इंग्लंडच्या कारखान्यांनी जे आकार रूढ केले, तेच आज अभिजात मानले जातात. त्यांतला मूळ स्वर म्हणजे बिलियर्ड. तंबाखू भरायची वाटी जवळजवळ सरळ उभी, पोटाशी अगदी किंचित फुगलेली. दांडा तिला काटकोनात. वाटीची उंची आणि दांड्याची लांबी साधारण सारखी. वाटीला गोलाई आणली की ॲपल होतो. ती तळाकडे निमुळती केली की डब्लिन. दांडा लांब व लंबगोल आणि मुखनळी आखूड असेल, तर कॅनेडियन. वाटी बसकी, तिच्याभोवती दोन समांतर खाचा आणि दांडा चौकटच्या आकाराचा, तर बुलडॉग. एवढ्याशा फरकाने नाव बदलते. म्हणूनच एवढ्याशा चुकीने घाट बिघडतो.

नवशिक्याला वाटते, बिलियर्ड सर्वांत सोपा. जाणते कारागीर त्यालाच सर्वांत अवघड मानतात. त्यात लपायला जागा नाही. वाटी आणि दांडा जिथे मिळतात तिथली वळणरेषा लेथवर साधत नाही. ती कानस, पॉलिशकागद आणि डोळा यांनीच काढावी लागते. शिवाय जे दिसत नाही त्याचीही परीक्षा असते. धुराचे छिद्र वाटीच्या तळाशी, नेमके मध्यावर उघडले पाहिजे. ते वर चढले तर तळाची तंबाखू ओली आणि न जळलेली राहते. दांडा आणि मुखनळी यांच्या सांध्यात पोकळी राहिली तर तिथे ओल साचून पाइप गुरगुरतो. बाहेरून देखणा आणि आतून चुकलेला पाइप शोकेसमध्ये शोभतो, तोंडात नाही.

विसाव्या शतकात कोपनहेगनमध्ये या परंपरेला नवे वळण मिळाले. सिक्स्टन इवार्सन (१९१०-२००१) हा जन्माने स्वीडिश. पाइप दुरुस्त करता करता तो घडवू लागला. कारखान्यात आधी छिद्रे पाडून मग आकार देण्याची रीत होती. त्याने ती उलटी केली. लाकडातील रेषा पाहून प्रथम बाहेरचा घाट काढायचा, छिद्रे नंतर. उभ्या रेषा वाटीभर ज्वाळांसारख्या धावाव्यात आणि त्यांची टोके वरच्या कडेवर टिंबांसारखी दिसावीत, अशा बेताने तो लाकूड फिरवी. त्यातून नवे आकार निघाले. पण जुन्या घाटांची शिस्त पचवल्याखेरीज हे घडले नसते. यमनची चौकट मोडणारा गवई नवा नव्हे, बेसूर ठरतो. चौकटीत राहून पूर्वी न ऐकलेली जागा दाखवतो तो खरा.

आणि मग कसोटीचा क्षण येतो. ब्रायरच्या पोटात वाळूचे कण वा पोकळ्या दडलेल्या असतात. काम संपत आले असता कानशीखाली एखादी उघडी पडते. कारागिरापुढे चार वाटा असतात. घाट थोडा बदलून ती काढून टाकायची. वाळूच्या माऱ्याने पृष्ठभाग खडबडीत करून तिला त्यात सामावून घ्यायचे. लुकणाने बुजवून वर गडद रंग चढवायचा. किंवा तुकडा टाकून द्यायचा. पहिल्या दोन वाटा कौशल्याच्या. तिसरी, गिऱ्हाइकाला न सांगता धरली तर, फसवणुकीची. चौथीत श्रम बुडतात, परंतु नाव राहते. स्वस्त पाइपमध्ये लुकण सर्रास आढळते. ज्याच्यावर कारागिराचे नाव कोरलेले असते, त्यात ते क्षम्य मानत नाहीत. हस्तकलेची किंमत येथे ठरते. पाइप किती निराळा दिसतो याहून, काय टाकून देण्याची तयारी होती, हे महत्त्वाचे.

महाभारतातील नलाची कथा सर्वांना ठाऊक होती. तरी रघुनाथ पंडितांनी ती पुन्हा सांगितली आणि मराठी रसिकांनी ती नव्याने ऐकली. कथा त्यांची नव्हती. सांगणे त्यांचे होते. अभिजात घाटाचे असेच असते. तो कोणा एकाच्या मालकीचा नसतो, आणि ज्याच्या हातात येतो त्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो. हे ग्रंथालय शंभर वर्षे ज्या ग्रंथांना सांभाळत आले, तेही कपाटात बंद राहून जिवंत राहत नाहीत. प्रत्येक पिढीतील वाचकाने ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, आणि न समजलेली जागा सोयीच्या अर्थाने, लुकण भरल्यासारखी, बुजवू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते.