सापडलेली पिशवी



रिक्षावाल्याने किंवा एसटीच्या वाहकाने सापडलेले पैसे परत केले, की वर्तमानपत्रात मथळा येतो: 'गरीब असूनही प्रामाणिक'. त्या 'असूनही'चा आम्हांस राग येतो. कारखानदाराने पैसे परत केले, तर 'श्रीमंत असूनही' असे कोणी छापील काय?

मात्र मोठी रक्कम हाती आलेल्या माणसाच्या मनात काय चालते, तेही पाहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी बाजार आवारातला एक हमाल पिशवी घेऊन आमच्या युनियनच्या कचेरीत आला. आत त्याच्या दोन वर्षांच्या कमाईएवढ्या नोटा, आणि बँकेच्या भरणा-चिठ्ठीवर एका अडत्याचे नाव. घरी मुलीच्या लग्नाचे कर्ज. तो म्हणाला, "भाऊ, हा पैसा आमच्याच हमालीतून कापलेला. तुम्हीच सभेत सांगता. मग परत का करायचा?"

आमचेच भाषण त्याने आमच्यापुढे ठेवले होते.

कायदा सांगणे सोपे आहे. मालक ठाऊक असून सापडलेला पैसा वापरणे हा गुन्हा. पूर्वी दंडसंहितेच्या कलम ४०३ खाली, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली. १८७२ चा करार कायदा असेही म्हणतो, की मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल, तर सापडणाऱ्याला त्यासाठी दावा लावता येतो. ही दुसरी बाजू हमालाला कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितली.

पण त्याचा प्रश्न कायद्याचा नव्हता. आम्ही म्हणालो, "१९६९ चा माथाडी कायदा आपण सर्वांनी मिळून मागितला. त्यातले जे मिळते, ते चारचौघांत मोजून घेता येते. ही पिशवी तुला शेजारच्या हमालापासूनसुद्धा लपवावी लागेल. शिवाय पैसा अडत्याचा असला, तरी हरवला त्याने नाही. बँकेत भरायला निघालेल्या पेढीवरच्या पोराने हरवला. पहिली झडती त्याची होणार."

तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारले, "त्या पोराला पगार किती?"

आम्ही आकडा सांगितला. तो याच्या हमालीहून कमी होता. तो उठला. आम्ही बरोबर चौकीवर गेलो, नोटा मोजून दिल्या, पोच घेतली. बक्षीस जाहीर झालेले नव्हते. अडत्याने चहा पाजला. लग्नाचे कर्ज फिटायला पुढे चार वर्षे लागली.