मातेचे वय आणि बालकाची उंची



वयाच्या मानाने बालकाची उंची खुंटणे म्हणजे खुजेपणा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुजी आढळली. २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वीच झालेला होता. या दोन आकड्यांचे नाते समजून घेतले पाहिजे.

१५-१६ वर्षांच्या मुलीची स्वतःचीच वाढ अपुरी असते. ती गर्भवती राहिली, की एकाच ताटावर दोन वाढत्या देहांचा भार पडतो. त्यात रक्तक्षय असेल, तर अडीच किलोंहून कमी वजनाचे मूल जन्मण्याचा धोका वाढतो. गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांत राहिलेली उणीव पुढे भरून निघणे कठीण असते.

आपल्या जालना जिल्ह्यातून दरवर्षी अनेक जोडपी ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, या काळजीपोटी तिचे लग्न उरकले जाते. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहेच. परंतु आईबापांची ही काळजी केवळ कायद्याने मिटत नाही.

म्हणून विनंती अशी, की ऊसतोडीच्या हंगामात अशा मुलींच्या निवासाची, भोजनाची व बारावीपर्यंतच्या शिक्षणाची जबाबदारी समाजाने उचलावी. अन्नदानाची आपली परंपरा मोठी आहे. उद्याच्या मातेच्या ताटापर्यंत ती पोहोचली, तर तिच्या बाळाची वाढ जन्माआधीच सावरली जाईल.