एकाकी माता आणि अर्थार्जन
(सुवर्णमहोत्सवी परिसंवादातील भाषण)



भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून या नगरीचे जीवन पाळ्यांत विभागले गेले. त्या विभागणीत एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली होती: पुरुष पाळीवर गेला की मुलांपाशी घरात कोणीतरी आहे. ज्या घरात मिळवणारी आणि मुलांपाशी थांबणारी व्यक्ती एकच, त्या घराविषयी मला आज बोलावयाचे आहे.

विधवेने कमवावे की नाही, हा वाद महाराष्ट्राने केव्हाच निकालात काढला. ऐन विशीत वैधव्य आलेल्या, पदरी मुलगा असलेल्या पार्वतीबाई आठवले महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी राबल्या. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्या घरी घरकाम करून त्यांनी निर्वाह केला. परंतु काम मिळणे आणि काम करता येणे यांत अंतर आहे.

पोलाद उद्योगात १९८९ च्या वेतनकरारान्वये कुटुंब लाभ योजना आली. कर्मचारी सेवेत असता निवर्तल्यास भविष्य निर्वाह निधी व उपदानाची रक्कम कंपनीकडे ठेवावयाची, आणि त्याच्या निवृत्तीच्या नियोजित तारखेपर्यंत दरमहा पैसे घ्यावयाचे. दुसरी वाट अनुकंपा नियुक्तीची. पहिली आहे म्हणून दुसरी बंद करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बलबीर कौर खटल्यात स्टील ॲथॉरिटीला बजावले. निकाल न्याय्यच होता. पण तान्हे मूल कडेवर असलेल्या बाईने ती नोकरी घ्यावी कशी? अशा वेळी वडीलधारी मंडळी सांगतात, "मुलगा मोठा होईपर्यंत थांब, नोकरी त्याला मिळेल." सल्ला मायेचा खरा, परंतु घातक. अनुकंपा नियुक्ती तात्कालिक संकटासाठी असते, वर्षानुवर्षे राखून ठेवण्याचा तो वारसा नव्हे, हे त्याच न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितलेले आहे. थांबणाऱ्या आईची नोकरी जाते आणि मुलालाही ती मिळत नाही. नवऱ्याने टाकलेल्या भगिनीला तर हे दारच नाही. ती मृत्यूचा दाखला कोठून आणणार?

आता पाळणाघराचे पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सांगितले. १९७६ च्या दुरुस्तीने तो आकडा तीसवर आणला. मोजणी मात्र स्त्रियांचीच! ज्या कारखान्यात बाराच स्त्रिया, तेथे आईला काही मागता येत नसे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, हा निकष आणला. (मूल केवळ आईचे नसते हे कायद्याला एकोणसत्तर वर्षांनी सुचले.) तरीही दुकानात, खानावळीत, लहान कारखान्यात राबणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी आई या आकड्याच्या बाहेरच राहिली.

स्वदेशी अशा वेळी माहेर हाकेच्या अंतरावर असते. येथे आजी नागपूर-भंडाऱ्याहून रात्रीच्या गाडीने येते आणि महिन्याभरात परत जाते, कारण तिकडे धाकट्या सुनेचे बाळंतपण!

आपले सभागृह गणेशोत्सव, कोजागिरी आणि नाटकाच्या तालमी सोडल्या तर दुपारी दोनपासून रात्री आठपर्यंत कुलूपबंद असते. नेमक्या याच वेळी रुग्णालयाची दुसरी पाळी लागते, खानावळीची चूल पेटते. सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिकाही आपल्यात पुष्कळ आहेत. कार्यकारिणीने येत्या जूनपासून दहा मुलांपुरती ही जागा उघडावी. माफक शुल्क अवश्य घ्यावे. या भगिनी कमावत्या आहेत, त्यांना उपकार नको आहेत. किल्ली कोणाकडे राहील, एवढे आज उठण्यापूर्वी ठरवावे, ही विनंती.