जुन्या घराचे मोजमाप
(वार्षिक संमेलनातील भाषण)



जुन्या जळगावातील आमचे धाब्याचे घर यंदा उतरवावयाचे ठरले. चार भावांची वाटणी, गळके धाबे, वाळवीने पोखरलेल्या तुळया. तेव्हा आमचा विरोध टिकणारा नव्हता. आम्ही आठ दिवसांची मुदत तेवढी मागितली. घराचा नकाशा कोणापाशीच नव्हता. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर क्षेत्र असते. चूल कोठे होती, हे नसते.

पुतणी टेपचे टोक धरी, आम्ही आकडे लिहीत असू. माजघर १२ फूट लांब व ९ फूट रुंद भरले. समोरासमोरच्या भिंती सारख्या निघाल्या, म्हणून आम्ही तो आयत समजून कागदावर मांडला. शेजारची खोली जोडू लागलो, तो दार भलतीकडेच जाऊ लागले! समोरासमोरच्या बाजू समान असल्या म्हणजे आयत होतोच असे नाही, हे पस्तीस वर्षे मुलांना बजावणाऱ्या शिक्षकाची ही गत. पुतणी हसली, तिचे हसणे रास्तच होते. मग कर्ण मोजले. कोपरे काटकोनी असते तर दोन्ही १५ फूट भरते. एक निघाला १५ फूट ५ इंच, दुसरा १४ फूट ७ इंच. बोळ तिरपा, म्हणून दर्शनी भिंत तिरपी, आणि तिच्या मागोमाग सारे घर. कॅप्टन ब्रिग्जने १८१८ नंतर आखलेल्या धुळ्याच्या सरळ पेठांतील बंधूंनीही निर्धास्त राहू नये; प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत.

आणखी एक. दार, कोनाडा, खांब यांची अंतरे सुटी सुटी घेऊ नयेत. एका कोपऱ्यातून टेप सबंध भिंतभर ताणून सारी त्याच शून्यापासून वाचावीत. एरव्ही अर्ध्या अर्ध्या इंचाची चूक साचत जाते. मातीची भिंत खाली जाड व वर बारीक असते, म्हणून जाडी किती उंचीवर घेतली तेही लिहावे.

आमच्या वृद्ध काकू ओट्यावर बसून हे सारे पाहत होत्या. आम्ही माप वाचून दाखविले, तेव्हा म्हणाल्या, “फूट नको सांगू, बापू. किती खण भरले ते सांग.” आम्ही तुळया मोजून खण सांगितले. नकाशावर ‘कोठार’ असे लिहिलेल्या अंधाऱ्या खोलीवर त्यांनी बोट ठेवले. “कोठार मागाहून झालं. ही बाळंतिणीची खोली. तुम्ही चौघंही इथलेच.”

आम्ही ते नाव खोडून हे लिहिले. माजघराच्या तुळईतील झोक्याच्या कड्याही दाखविल्या. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यास वारले; त्यांनी जमविलेले कागद तेथे जपले गेले. आपल्या घरांचे कागद मात्र मुळात कोणी केलेच नाहीत.

आखाजीस माहेरवाशिणी येऊन, झोके घेऊन गेल्या. मग घर उतरविले. नकाशाच्या चार प्रती चौघांकडे आहेत. ज्यांची घरे यंदा उतरावयाची आहेत, त्यांनी आधी आम्हांस कळवावे. टेप आमच्यापाशी आहे, आणि पुतणीही यावयास तयार आहे.