हौशी माणसाची सायकल

सायकल हें वाहन घरोघर इतकें परिचयाचें आहे कीं, तिच्याकडे यंत्र म्हणून कोणी फारसें पाहत नाहीं. पंक्चर झालें म्हणजे ती दुकानांत जाते, चेन पडली म्हणजे हात काळे करून ती बसविली जाते, आणि एरव्हीं ती जिन्याखालीं उभी असते. तथापि याच सायकलीचा एकेक भाग सुटा करून, पारखून, बदलून पुन्हां जोडण्यांत सुटीचे दिवस घालविणारे हौशी लोक जगांत सर्वत्र आहेत. त्यांच्याविषयीं घरांतील वडील माणसांचा एक आक्षेप ठरलेला असतो. चालती सायकल खोलण्यांत अर्थ काय, आणि सुट्या भागांवर जो पैसा जातो त्यांत नवी सायकल येणार नाहीं काय? हा आक्षेप अगदींच निराधार नव्हे. महाग भाग म्हणजे चांगला भाग अशा समजुतीनें जो खरेदी करीत सुटतो, त्याला तो पुरेपूर लागू पडतो. परंतु सुधारणा या शब्दाचा खरा अर्थ ज्यास उमगला, त्याच्या हातून तितक्याच पैशांत निराळेंच कांहीं निष्पन्न होतें. तो अर्थ कोणता, हें समजण्यास सायकलीच्याच इतिहासांतील एक हकीकत उपयोगी पडेल.

फ्रान्समध्यें सेंत-एतिएन नांवाचें शहर आहे. पॉल द व्हिव्ही नांवाच्या रेशमाच्या एका व्यापाऱ्यानें आपला धंदा सोडून १८८७ सालीं तेथें सायकलींचें दुकान काढलें, आणि सायकलीला वाहिलेलें एक मासिकही सुरू केलें. त्यांत तो ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें लिही, व त्याच नांवानें पुढें प्रसिद्धीस आला. शहराच्या भोंवतीं डोंगर आहेत. जवळचाच एक घाट समुद्रसपाटीपासून ११६१ मीटर उंचीपर्यंत चढतो. त्या काळच्या सायकलीला गति बदलण्याची सोय नसे. पेडलाच्या एका फेऱ्यांत सायकल किती अंतर कापील, हें पुढच्या व मागच्या दांतेचक्रांवरून एकदां ठरलें म्हणजे कायमचें ठरलें. सपाटीवर सुखानें धांवणारी सायकल घाटांत पायांना जड होई, आणि घाटांत चालेल अशी केली तर सपाटीवर पाय उगाच भरभर फिरत. व्हेलोसिओनें आपल्या सायकलीला एकाहून अधिक दांतेचक्रें लाविलीं. प्रारंभीं चेन हातानें उचलून एका चक्रावरून दुसऱ्यावर घालावी लागे. पण तेवढ्यानेंही चढ सुसह्य झाला. मग तो नव्या नव्या युक्त्या स्वतः घाटांत नेऊन पाहूं लागला आणि आपले अनुभव मासिकांत छापूं लागला.

शर्यतींच्या जगाला मात्र ही गोष्ट मानवली नाहीं. १९०३ सालीं सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’ या प्रख्यात शर्यतीचे चालक आंरी देग्रांज यांच्या मतें कसोटी पायांच्या बळाची व्हावयास हवी, यंत्रांतील सोयीची नव्हे. त्यामुळें आघाडीच्या स्पर्धकांना चेन सरकविणारें गिअर तेथें पुष्कळ वर्षें वापरतां आलें नाहीं. घाटाच्या पायथ्याशीं ते खालीं उतरत, मागचें चाक काढीत, आणि चाकाच्या दुसऱ्या बाजूचें मोठें दांतेचक्र चेनीखालीं येईल असें तें उलटें करून बसवीत. १९३७ सालीं ही बंदी उठली. व्हेलोसिओ १९३० सालींच ट्रामच्या धक्क्यानें वारला होता. आज त्या शर्यतींत गिअरवांचून एकही स्पर्धक उतरत नाहीं.

या गृहस्थाचें वैशिष्ट्य असें कीं, बाजारांत उत्तम काय मिळतें हें त्यानें विचारलें नाहीं. आपला रस्ता कसा आहे, आपले पाय किती चालतील, आणि सायकल नेमकी कोठें कमी पडते, हे त्याचे प्रश्न होते. अमेरिकेंतही पुढें असेंच घडलें. कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत १९७० नंतरच्या दशकांत कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या, जड सायकली डोंगरावरून कच्च्या वाटेनें खालीं सोडीत. मागच्या हबमधील ब्रेक उतारावर इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून जाई, आणि तो खोलून पुन्हां ग्रीसनें भरावा लागे. यावरून त्या उतारालाच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हां भरा’, असें नांव पडलें. तेथील पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं झाली. गॅरी फिशर यानें अशाच एका जुन्या सायकलीला गिअर व ड्रम ब्रेक बसविले. जो ब्रीझ यानें १९७७ सालीं याच कामासाठीं नवी फ्रेम घडविली. १९८१ पासून तसल्या सायकली कारखान्यांतून मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागल्या, आणि १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत डोंगरी सायकलीच्या शर्यतीस स्थान मिळालें. जुनी सायकल कोठें हरते हें उतारानें दाखविलें, आणि जेथें ती हरली तेथेंच या लोकांनीं हात घातला.

हीं उदाहरणें परदेशचीं असलीं तरी प्रश्न आपल्या घरींही तोच आहे. पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. तेथील कित्येक घरांत आजही जुनी काळी सायकल अडगळींत सांपडते. समजा, तिचें पुढचें चक्र ४४ दांत्यांचें, मागचें फ्री-व्हील १८ दांत्यांचें आणि चाकाचा परीघ सुमारें २.२ मीटर आहे. पेडलाच्या एका फेऱ्यांत ती सुमारें ५.४ मीटर जाईल. घरच्या मुलाला तीवरून कात्रजचा घाट चढावयाचा असेल, तर मागें २२ दांत्यांचें फ्री-व्हील घालावें, म्हणजे हेंच अंतर ४.४ मीटरांवर येतें, आणि पेडलावर द्यावा लागणारा जोर शेंकडा १८ नें कमी होतो. सपाटीवरील चाल अर्थात् तितकीच उतरते. दोन्ही हवें असेल तर हबमध्यें बसणारें तीन गतींचें गिअर घालतां येतें. इंग्लंडमधील स्टर्मी-आर्चर कंपनीच्या १९३६ सालच्या प्रसिद्ध नमुन्यांत खालची गति मधल्या गतीच्या पाऊणपट आणि वरची तिच्याहून एक-तृतीयांशानें अधिक असे. कोणता मार्ग धरावा, हें दुकानदार सांगूं शकत नाहीं. तो रोजचा रस्ता सांगतो.

येथें हौशी माणसास एक धडा लौकरच मिळतो. सायकलीचा कोणताही भाग एकटा नसतो. काळ्या सायकलीचा दांड्यांचा ब्रेक रिमच्या आंतल्या अंगावर दाबतो. तारेचा ब्रेक रिमच्या दोन्ही बाजू धरतो. जुन्या रिमला तशा सपाट बाजू नसल्यामुळें ब्रेक बदलला कीं रिमही बदलणें आलें. आपल्या पावसाळ्याचा विचार करतां हा बदल इष्टच आहे, कारण मुलामा दिलेली पोलादी रिम भिजली म्हणजे रबर तीवर घसरतें, आणि ॲल्युमिनियमची रिम त्या मानानें पुष्कळ बरी पकड देते. परंतु ‘अठ्ठावीस इंची’ म्हणून रिम मागितली, तर त्या एकाच नांवाखालीं ६३५ मिलिमीटर व्यासाची एक आणि ६२२ मिलिमीटरची दुसरी, अशा दोन जाती आहेत. एकीचें टायर दुसरीस बसत नाहीं. शिवाय जुन्या इंग्रजी घाटाच्या सायकलीस पुढें ३२ व मागें ४० तारा असतात, आणि नव्या रिमा बहुधा ३२ किंवा ३६ छिद्रांच्या असतात. मग मागचा हबही बदलावा लागतो. ज्यानें हें सर्व आधीं कागदावर मांडलें, त्याचा पैसा वांचतो. ज्यानें मांडलें नाहीं, त्याच्या घरीं न बसणाऱ्या भागांची पेटी भरत जाते, आणि वडिलांचा आक्षेप खरा ठरतो.

हातकामाच्याही कांहीं गोष्टी अशाच आहेत. चेनीच्या २४ कड्या एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत मोजल्या तर बरोबर १२ इंच भरावयास पाहिजेत. ही लांबी इंचाच्या सोळाव्या हिश्शानें वाढली कीं चेन बदलावी. नाहीं तर झिजलेली चेन दांतेचक्रें खाऊं लागते, आणि थोडक्यांत होणारें काम महागांत पडतें. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, हें ठाऊक नसलेला माणूस जोर करकरून क्रँकच बिघडवितो. चाकाचा आउट काढतांना निपल एका वेळीं पाव फेराच फिरवावें, चाक फिरवून पाहावें, मगच पुढें जावें. आणि एका वेळीं एकच बदल करावा. तीन भाग एकदम बदलल्यावर सायकल हलकी चालूं लागली तर ती कशामुळें, आणि कुरकुरूं लागली तरी कशामुळें, तें समजत नाहीं.

या छंदाला एक मर्यादाही आहे. पुढचा चिमटा, हँडल आणि ब्रेक यांवर जीव अवलंबून असतो. वांकलेला चिमटा ठोकून सरळ करणें किंवा झिजलेल्या आट्यांवर काम भागविणें, ही काटकसर नव्हे. या भागांचें काम प्रथमतः तरी जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीं करावें, आणि पहिली फेरी रहदारी नसलेल्या रस्त्यावरच मारावी.

आज घरांतील बहुतेक यंत्रें मालकाला उघडतां येत नाहींत. बिघाड झाला कीं तीं कारखान्याकडे जातात किंवा टाकून दिलीं जातात. सायकल अजून तशी झालेली नाहीं; चार पान्हे, थोडें ग्रीस आणि एक वही एवढ्यावर ती संपूर्ण समजून घेतां येते. म्हणून जिन्याखालची जुनी सायकल भंगारांत देण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांनीं ती एकदां मुलांच्या हवालीं करून पाहावी. मात्र पैसे देण्याआधीं त्यांना एवढेंच विचारावें: ही सायकल कोठें कमी पडते, आणि तें तुम्हांस कशावरून कळलें? ज्या मुलाला याचें उत्तर देतां येईल, त्याला पहिला पान्हा खुशाल आणून द्यावा.