संबळाचा ठेका आणि वादकाचा वांटा

माहूरची रेणुका किंवा तुळजापूरची भवानी हें ज्यांचें कुलदैवत, अशा नांदेड-लातूरकडील पुष्कळ घरांत लग्न पार पडलें कीं गोंधळ घालण्याची रीत आहे. चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटते आणि गोंधळ्याच्या कमरेचा संबळ बोलूं लागतो. संबळाचीं भांडीं दोन. एकाचा नाद खोल, दुसऱ्याचा बारीक व कडक. एवढ्या भांडवलावर गोंधळी सारी रात्र जागवीत असे.

तोच ठेका आतां चित्रपटांत आणि वरातीच्या ध्वनिक्षेपकांवर ऐकूं येतो. 'जोगवा' (२००९) या चित्रपटाच्या संगीताबद्दल अजय-अतुल या बंधूंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही कलेची वाढ कीं विटंबना, असा प्रश्न जुनीं माणसें विचारतात.

या प्रश्नाचें उत्तर विलायतेंतील एका उदाहरणावरून मिळण्याजोगें आहे. १९९० नंतर लंडनकडे 'ड्रम अँड बेस' नांवाचा संगीतप्रकार उदयास आला. मिनिटास सुमारें १७० ठोक्यांचें द्रुत तालवादन आणि त्याखालीं मंद्र, घुमणारा नाद, हें त्याचें स्वरूप. त्यांतील असंख्य रचनांचा पाया म्हणजे १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' या अमेरिकन ध्वनिमुद्रिकेंतील अवघें सहा-सात सेकंदांचें तालवादन! तेंच कापून, वेग वाढवून, उलटसुलट जोडून नवें घडविलें गेलें. तीस वर्षें उलटलीं, तरी त्याला नव्या शाखा फुटतच आहेत. मूळ ठेका ठरलेला आणि मांडणी मोकळी असली, कीं कला वाढत राहते. गोंधळांतही ठेका परंपरेचा. पण आख्यान लांबवावें कोठें आणि आटोपावें कोठें, तें गोंधळीच ठरवितो. तेव्हां नव्या मांडणीस विटंबना म्हणणें न्यायाचें नव्हे.

परंतु या उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तें तालवादन करणारा ग्रेगरी कोलमन २००६ सालीं अटलांटा येथें निर्धन अवस्थेंत वारला. त्याच्या ठेक्यावर जगभर तरुण नाचले. त्याच्या पदरीं मात्र कांहीं पडलें नाहीं. २०१५ मध्यें चाहत्यांनीं वर्गणी जमविली, ती त्या वाद्यवृंदाच्या प्रमुखाच्या हातीं गेली. वादक तोंवर राहिलाच नव्हता.

आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन कलावंताला त्याच्या वादनाच्या व्यापारी उपयोगांतील वांटा मान्य झाला. पण ज्याचें नांवच कोठें लिहिलें नाहीं, त्यानें हक्क सांगावा कसा? परंपरेचा ठेका कोणा एकाच्या मालकीचा नाहीं, हें खरें. परंतु तो वाजविणारा हात कोणाचा तरी असतोच.

म्हणून संबळ ध्वनिमुद्रित करणाऱ्यानें वादकाचें नांव लिहावें आणि त्याचा मोबदला त्याच्याच हातीं ठेवावा. गोंधळ घालणाऱ्या यजमानानेंही घड्याळाकडे न पाहतां एक आख्यान तरी पुरतें होऊं द्यावें. गोंधळ्याचा मुलगा ठेका शिकतो तो बापाच्या शेजारीं उभा राहून. आणि तो शिकला, तरच पुढची वाढ संभवते.